टाच

सकाळी पहिलं पाऊल फरशीला लागतं
आणि टाचेत कुणीतरी बाभळीचा काटा मोडून ठेवलेला.
दहा पावलांत तो विरघळतो,
म्हणून तीन आठवडे मी कुणाला बोलले नाही.

भरती पुढच्या महिन्यात, धुळ्याला.
हर्षाली म्हणाली, मलम चोळ.
दुकानदार म्हणाला, भारीतला बूट घे.
सर शिट्टी पुसत म्हणाले, दुखणं मनात असतं.
मनात नव्हतं. टाचेत होतं, आतल्या अंगाला,
अंगठ्याने दाबलं की बरोब्बर सापडायचं.

धुडकू आबा मैदानाच्या कठड्यावर बसलेले असत.
एकतीस वर्षं रेल्वेत किमॅन,
अमळनेरहून सुरत लाईनीला खांद्यावर हातोडा घेऊन
सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं,
खडीवरून. मे महिन्यातसुद्धा.
रूळ कुठे हलका वाजतो ते त्यांना पायातून कळायचं.
चौथ्या फेरीला त्यांनी हाक मारली,
"बेटा, डावी टाच चोरस तू."

मला वाटलं होतं कुणाला दिसत नाही.

बोरीच्या पुलाकडच्या भिंतीशी त्यांनी मला उभं केलं.
तळवे भिंतीवर, दुखरा पाय मागे,
टाच जमिनीला, पंजा सरळ भिंतीकडे.
माझा पंजा आपोआप बाहेर वळायचा,
ते काठीने हळूच आत ढकलायचे.
गुडघा ताठ ठेवला तर पोटरी वरून ओढते,
जरा वाकवला की तीच ओढ खाली सरकते,
टाचेच्या शिरेपर्यंत.
"ताण दे, झटका दिऊ नको.
तीस स्लीपर मोज."
मी आकड्यांऐवजी स्लीपर मोजले.
एकोणिसाव्याला पाय थरथरला.

रात्री बाटलीत पाणी गोठवून
तळव्याखाली लाटायची, पोळी लाटतात तशी.
आई म्हणाली, फ्रीजमध्ये मटाराला जागा नाही
आणि तुझा पाय कसला थंड करतेस.
पळणं निम्मं केलं. सर चिडले.
बूट बदलले, दिवस मावळताना जाऊन,
कारण पाय संध्याकाळी फुगलेला असतो.
"दोन रुळांमझार फट ठेवतस ना?
तापना का रूळ वाढस. पाय बी वाढस."
अंगठ्यापुढे बोटभर फट ठेवून घेतले.
नखं सरळ कापली, कोपरे कोरले नाहीत.
काटा गेला नाही. लहान झाला.

मग एकदा मीच विचारलं,
आबा, तुमच्या डाव्या पायाला चारच बोटं कशी?
बुटात खडा होता, म्हणाले. दिवसभर.
साखरेने पाय मुका झालेला, कळलंच नाही.
बारा किलोमीटर चाललो त्याच्यावर.
रूळ रोज तपासला, पाय कधी नाही.
हे सांगताना ते हसत होते,
मला हसता आलं नाही.

आता मोतीबिंदूमुळे आरशात तळवा दिसत नाही त्यांना.
मी पळायला जायच्या आधी ते चप्पल काढतात,
पाय कठड्यावर आडवा ठेवतात,
"दखी सांग."
मी सांगते. करंगळीखाली घट्टा, कालच्याएवढाच.
टाचेला दोन भेगा, कोरड्या.
बेचक्यात ओल आहे, अंघोळीनंतर पुसलं नाही तुम्ही.
लाईन क्लिअर, म्हणतात ते,
आणि चप्पल चाचपतात.

आज टाचेच्या कडेला तांबूस ठिपका होता,
तांदळाच्या दाण्याएवढा. काल नव्हता.
मी सांगितलं.
ते काही बोलले नाहीत. चप्पल उलटी केली,
बोट फिरवलं, थांबलं.
खिळा.
"लाल झेंडी," म्हणाले, "आज चालनं बंद."
मी त्यांच्या नातवाला फोन लावला, गाडी घेऊन ये.

तो येईपर्यंत मी भिंतीकडे गेले.
टाच टेकवली. मोजायला लागले.
सातव्या स्लीपरला
मागून आवाज आला,
डोळ्यांनी दिसत नसताना,
"पंजा सरळ."