बेचाळीस ग्रॅम

केमीची कागदगिरणी बंद झाली त्या वर्षी
इल्मो नॉर्वेला गेला
आणि जाताना स्वयंपाकघरात एक काचपेटी ठेवून गेला.
"दोनच महिने, बाबा."
हा तिसरा हिवाळा.

आत कानेली. पिवळी, काळ्या ठिपक्यांची,
शेपूट गाजरासारखी जाड.
म्हणायला पाल. पण भिंतीवर चढत नाही,
आणि पापण्या आहेत तिला.
पापण्या असलेलं जनावर तुमच्याकडे बघून
सावकाश डोळे मिटतं, तेव्हा
पाल म्हणताना जीभ जरा अडखळते.

ती चुकचुकतही नाही.
चुकचुकली ती माझ्या मनात, जानेवारीत,
तिची शेपूट पेन्सिलीएवढी दिसली तेव्हा.

हेल्वी वेलदोड्याच्या पावाचं पीठ ज्यावर मोजायची
त्या काट्यावर ठेवली.
बेचाळीस.
एकतीस वर्षं मी कागदाचं वजन बोटांनी ओळखलं.
बेचाळीस ग्रॅमचा कागद उजेडाला धरला
की पलीकडचा माणूस दिसतो.

ओउलूपर्यंत शंभर किलोमीटर, बाहेर उणे सत्तावीस.
ती डब्यात, डबा कोटाच्या आत,
गरम पाण्याची बाटली आणि माझं पोट यांच्यामध्ये.
तिच्याकडे स्वतःची ऊब नसते.
उसनी घेते, जिथून मिळेल तिथून.

डॉक्टर साइला रुओकामोनी एक्स-रे दिव्यासमोर धरला.
पोटात वाळू.
इल्मोनं हौसेनं पसरलेली, वाळवंट दिसावं म्हणून.
किड्याबरोबर घास घास गिळलेली.
जबडा मऊ पडलाय, म्हणाल्या, हाडांत चुना नाही.
किडे पांढऱ्या भुकटीत घोळवून द्या.
पोटाखाली बत्तीस अंश, कमी नको.
आणि वाळू काढा.
नुसता कागद अंथरा.

मी हसलो. का, ते त्यांना कळलं नाही.

नाकावर औषधाचा थेंब ठेवला की ती चाटते.
रोज सकाळी कोमट पाणी, बशीभर, घोट्यापर्यंत.
आठ दिवसांनी कागदावर एक राखाडी गोळी,
तिच्यात वाळूचे कण,
आणि मी एकटाच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवतोय.

गिरणी गेली तेव्हा नगरपालिकेचा माणूस म्हणाला होता,
गाव आता कात टाकेल.
त्यानं कात टाकताना कुणाला बघितलं नसावं.
हिटरच्या कोरड्या हवेत कात सुटत नाही,
बोटांवर अंगठीसारखी आवळत जाते,
रक्त अडतं, बोट काळं पडतं.
कोरड्या हवेत कागद तडकतो, हे मला ठाऊक होतं.
मशीन हॉलमध्ये आर्द्रतेचा काटा माझ्याच समोर असायचा.
तरी उजव्या पायाचं एक बोट गेलं.
त्या आठवड्यात मी तिच्या पायांकडे बघितलंच नव्हतं.

आता दह्याच्या डब्याला भोक पाडून
आत ओलं शेवाळ भरलंय.
रंग फिका पडला की ती आत जाऊन बसते.
उरलेलं मी ओल्या कापसाच्या काडीनं सोडवतो,
चष्मा लावून, श्वास धरून, ओढायचं नाही.
सुटलेली कात ती स्वतःच खाऊन टाकते.
आम्हीही फाटका कागद परत लगद्यात टाकायचो.

रविवारी इल्मोचा फोन.
"आहे का अजून ती?"
"चौपन्न," मी म्हणालो.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
"एक बोट कमी आहे," मी म्हणालो,
ते सांगायलाच हवं होतं.
"वाळू माझी होती," तो म्हणाला.
हो, म्हणालो. मग दोघंही हवामानावर बोललो.

फ्रीजमागे एक रातकिडा निसटलाय.
तिच्यासाठी आणलेला, भुकटी लागलेला.
दोन रात्री ओरडतोय.
मी काही त्याला शोधत नाही.