दोन माणसांची पेटी

लुइसटाउनला, मेन स्ट्रीट संपते तिथं
जुन्या लष्करी सामानाचं दुकान.
तंबू, बूट, कुणाकुणाची नावं शिवलेले कोट,
आणि मागच्या भिंतीला काडतुसांच्या पेट्या,
शेवाळी, छताला टेकतील इतक्या.
त्या माझ्याकडे.
डार्लीन म्हणते, पत्र्यातलं तुला कळतं.

कळतंच. मिरजेत बाबा ट्रंका ठोकायचे.
गिऱ्हाईक आलं की भाव नंतर,
आधी विचारायचे, आत काय ठेवणार?
लुगडी असतील तर कडा आत दुमडून देत,
जमिनीचे कागद असतील तर कोयंडा जाड.

मीही तेच विचारतो.
बावीस बोअरची असतील तर ही अरुंद पुरे.
शॉटगनची? मग ही प्लास्टिकची चालेल,
पिकअपमध्ये टाकून न्यायला हलकी,
पण उन्हात विसरलात तर झाकण वाकेल.
पोचा आलेली घेऊ नका, थरावर थर बसत नाही.
रबर नखानं दाबून बघा,
आणि मग कागदाची पट्टी मध्ये धरून
झाकण लावायचं, खटका ओढायचा,
पट्टी खेचायची.
सुळकन आली तर तिच्यामागून ओलही आत जाईल.
फाटली तर पेटी चांगली.
माझ्या खिशात म्हणून कायम जुन्या पावत्या.
आणि गच्च भरू नका हो,
भरताना हौस असते, उचलताना कंबर.

ऑर्व्हिल ट्वाइट जानेवारीत आला, मंगळवारी.
बाहेर उणे वीस. भुवयांवर बर्फ.
कॅरल गेल्याचं मी डिसेंबरातच ऐकलं होतं,
काय बोलावं तेव्हा सुचलं नव्हतं,
आताही नाही.
म्हटलं, आत काय ठेवणार?
"सगळी. घरात आहेत तेवढी."

मी मधली काढली.
नको.
तिच्याहून मोठी.
नको. ती, वरची.
ती तोफेच्या गोळ्यांची, मी म्हणालो,
लाकडी, दोन्ही टोकांना दोराचे कान.
भरलीत तर एकट्याला हलायची नाही.
"माहितेय," म्हणाला.

मी सवयीनं बोलत राहिलो.
लाकडाला रबर नसतं, पट्टी लावून उपयोग नाही,
चार छोट्या घ्या, स्वस्त पडतील,
एकेक करून न्यायला

तो माझ्या हातांकडे बघत होता.
"शनिवारी मोकळा आहेस?
एक टोक धरायला माणूस लागेल.
तुझ्या गॅरेजात जागा असेल ना?
बर्फ वितळेपर्यंत.
मग आणू परत. तेव्हाही दोघंच."

आत काय ठेवणार, याचं उत्तर
बाबा लगेच मागत नसत.
पेटीवर हात फिरवू देत माणसाला,
हातोडी खाली ठेवून.

शनिवारी त्याच्या स्वयंपाकघरात
कॉफीच्या डब्यांतून, मोज्यांच्या खणातून,
कॅरलच्या अक्षरात "हरणं, दूरची" लिहिलेल्या खोक्यातून
तो काढत गेला, मी रचत गेलो.
झाकण लावणार, तेवढ्यात थांब म्हणाला.
कोट काढला. आतल्या खिशातून
एकच काडतूस, हातानं गुळगुळीत झालेलं.
सगळ्यांच्या वर ठेवलं.
मी काही विचारलं नाही.

पायऱ्यांवर दोनदा टेकवली.
त्याला दम लागला, मग मला.
दोर हाताला कापत होता.

आता ती माझ्या गॅरेजात, बर्फाच्या टायरांशेजारी.
कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे.
दर गुरुवारी संध्याकाळी फोन येतो.
"कशी आहे?"
आहे जागेवर.
"बरं. मार्चमध्ये बघू."
मार्च परवाच संपला. आम्ही दोघंही ते बोललो नाही.

मग मी विचारतो, जेवलास का.
इकडे असं कुणी विचारत नाही.
तो मात्र नीट आठवून सांगतो,
सूप, दोन पाव,
आणि काल राहिलेलं काय ते.