पहिली तीन मिनिटं

श्रेणिकला हवा होता गालावरून हनुवटीपर्यंत उतरलेला व्रण,
एक डोळा काचेचा,
आणि काळा, लांब कोट.
म्हटलं, एप्रिल आहे, सोलापूर आहे.
चव्वेचाळीस अंशांत कोट घालून फिरणाऱ्याला
कुणी घाबरणार नाही,
धरून सावलीत बसवतील,
कांदा फोडून नाकाशी धरतील.

तो हसला नाही. दिग्दर्शक आहे तो.
मी रंगभूषा, वेशभूषा,
आणि निर्माता मिळेपर्यंत चहासुद्धा.

विजापूर वेशीत, मैनोद्दीन मास्तरांच्या दुकानात,
शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्यावर बसून
आम्ही खलनायक बेतायला घेतला.
मिशी नको, मास्तर म्हणाले,
एवढी मिशी ठेवणारा घरात बायकोला भितो.
सोन्याचा दात?
तो आमच्या साडूला आहे, बिचारा शेंगाचटणी विकतो.
श्रेणिक वहीत काट मारत गेला.
वहीत शेवटी नुसता माणूस उरला,
आणि मी बोलायचा थांबलो,
कारण मला तो ओळखीचा वाटायला लागला.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, नीळ जरा जास्त झालेली.
खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल.
करंगळीचं नख तेवढं वाढवलेलं.
चपला दाराबाहेर, जोडीनं, भिंतीला लावून.
आवाज इतका हळू
की ऐकायला आपल्यालाच वाकावं लागतं.
हे लिही, मी म्हणालो. वाकावं लागतं.

पडद्यावर सकाळ.
विडी कारखान्याची शाखा, टोपल्या घेऊन बायकांची रांग.
पंख्याचं एक पातं वाकडं, तोच आवाज, संगीत नको.
तो एक विडी उचलतो,
दोन बोटांत फिरवतो, तान्ह्या बाळाचं बोट धरावं तशी.
म्हणतो, ताई, आज लक्ष नव्हतं वाटतं.
छाट.
दुसरी. छाट.
एक अख्खा कट्टा, न बघताच. छाट.
टेबलावर सांडलेली तंबाखू तळहातानं गोळा करतो,
वाया घालवत नाही काही.
छाटलेल्या विड्या टेबलाखालच्या पोत्यात.
संध्याकाळी ते पोतं कुठं जातं
ते कॅमेरा दाखवत नाही.
बाईच्या पासबुकात हजाराचे सातशे होतात,
लाल पेनानं, सुंदर अक्षरात.

आणि खून? श्रेणिकनं विचारलं.
मी म्हटलं, पुन्हा वाच.
त्यानं पुन्हा वाचलं. व्रण मात्र ठेवला,
लहानसा, भुवईवर, निर्मात्यासाठी.

चाचणीला आला रेवणसिद्ध, वीज मंडळातला वायरमन,
गणेशोत्सवात विनोदी कामं करणारा.
मी त्याचा भांग पाडला, नीळ घातलेला शर्ट चढवला,
भुवईवर मेण लावलं.
माझी अम्मा डबा घेऊन आली होती,
कडक भाकरी, दह्यातली चटणी,
कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती.
रेवणसिद्धनं लाल पेनाचं टोपण काढलं.

अम्मा उठली.
पदर सारखा केला.
हातातला डबा दोन्ही हातांनी पुढं धरला, टोपलीसारखा,
आणि मान किंचित वाकवून
ऐकायला उभी राहिली.

कारखाना सुटून तिला एकवीस वर्षं झाली आहेत.

कुणी 'कट' म्हणालं नाही.
मग श्रेणिक पुढं झाला
आणि त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं
रेवणसिद्धच्या भुवईवरचा व्रण पुसला.

रात्री भांडी घासताना अम्मा म्हणाली,
शर्ट बरोबर आहे.
पण तो वाईट नव्हता रे.
तू झालास तेव्हा साखर दिली होती त्यानं,
पाव किलो, कागदाच्या पुडीत, घरून आणलेली.
मग नळ सोडला,
पुढचं ऐकू आलं नाही.

सकाळी मास्तरांना फोन केला.
शर्टाला आतून एक खिसा लावा, पाव किलोची पुडी मावेल असा.
पडद्यावर दिसेल का?
नाही.
मग कशाला?
म्हटलं, चालताना
तो एका बाजूला जरासा
ओढला जाईल.