सुकती

एकतीस वर्षं मी या खाडीकाठी टपाल वाटलं,
सायकल होडीत आडवी घालून.
माणूस मोडला की कुठे जातो
हे मला तलाठ्याहून जास्त ठाऊक.

परुळेकरांचा धाकटा, बर्फाचा कारखाना बुडाल्यावर,
दर सोमवारी मनीऑर्डर करायचा कुणकेश्वराला,
आणि पावत्या लावून ठेवायचा फायलीत,
जणू वर कधीतरी ऑडिट होणार.
मार्सेलीनबाई पाद्री भावाला लिहायची चार-चार पानं.
उत्तर यायचं दोन ओळींचं.
चष्मा सापडत नाही म्हणत
त्या दोन ओळी ती माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची.
बायको माहेरी निघून गेल्यावर अब्बासभाईंनी
होमिओपॅथीची पुस्तकं मागवली व्ही.पी.नं;
गावाला वर्षभर साखरेच्या गोळ्या फुकट.
आणि विलास जिथे गेला, बापूस गेल्यावर,
तिथे टपाल जात नाही.

भामाबाय मोंडकरणीकडे मी तार नेली
एक्क्याण्णवच्या मार्गशीर्षात.
जहाज कंपनीची तार, इंग्रजी.
मीच वाचली, मीच मराठी केली.
ती म्हणाली, परत वाच.
मग म्हणाली, आज तिथ खयची?
अमावास्या, मी म्हटलं.
तिनं आभाळाकडे पाहिलं, काष्टा खोचला,
रोवळी घेतली
आणि उतरली खाडीत, तिसऱ्या काढायला.

त्या रात्री मी कुमुदला म्हणालो,
बाईला काळीज नाही.
कुमुद तांदूळ निवडत होती.
खडा बाजूला काढून म्हणाली,
तुम्ही फक्त तार दिलीत.

गेल्या फाल्गुनात कुमुद गेली.

मग मी सगळ्या पत्त्यांवर जाऊन आलो.
देवळात गाऱ्हाणं घातलं, चार माणसं
माझ्या वतीनं होय म्हाराजा म्हणाली.
कौल लावला. पाकळी उजवीकडून पडली.
उजवा कौल! पण मी मागितलं काय होतं,
ते माझं मलाच आठवेना.
कुडाळच्या डॉक्टरनं झोपेची गोळी दिली, अर्धी.
दोह्याहून पुतण्या रोज रात्री फोनवर दिसतो,
काका, फिरायला जात जा, म्हणतो,
आणि त्याच्या पाठीमागे कुणीतरी जेवायला वाढत असतं.
पत्ते सगळे बरोबर होते.
मीच परत येत होतो,
'मालक घरी नाही' असा शेरा घेऊन.

चैत्री पुनवेला, दिवस कलताना,
पायजमा गुडघ्यावर घेऊन उतरलो चिखलात.
भामाबाय होती. आता कमरेत पुरती वाकलेली,
म्हणजे या कामाला अगदी बेताची.
तिनं विचारलं नाही काही.
रोवळी माझ्याकडे ढकलली. हात घाल.

चिखल आत कोमट असतो, हे मला ठाऊक नव्हतं.
बोटांना आधी शिंपलेच लागतात, रिकामे.
मग एखादी लागते, घट्ट मिटलेली, जड.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
रडूचा आसात तर रड,
पण पाण्याक पाठ करून रडू नको.
मी रडतोय हे मला तेव्हा कळलं.
वळून बसलो. खाडीच्या तोंडाशी
पाणी फिरायला लागलं होतं.

म्हटलं, भामाबाय, ती तार...
ती म्हणाली, त्या दिसाक तिसऱ्यो बऱ्यो गावलेल्यो.
एवढंच. आणि पुढच्या खळग्याकडे सरकली.

माझ्या वाट्याला सत्तेचाळीस आल्या.
रांधायच्या कशा, ठाऊक नाही. कुमुद करायची.
पातेल्यात पाणी घालून ठेवल्या ओट्यावर.
गोळी घ्यायची राहिली.
रात्रभर त्या रेती ओकत होत्या,
बारीक, चुळका टाकल्यासारखा आवाज,
थांबून थांबून.
घरात कुणीतरी होतं.

उद्या सुकती दोन घटका उशिरा.