पाइप गोठू नयेत म्हणून

तळ्याकाठच्या त्या घरात हिवाळाभर कुणी नसतं.
तरी हीटर चालू, पंचावन्न फॅरनहाइटवर.
मालक पोर्टलंडला.
पाइप गोठू नयेत, एवढंच.

वर्ना टिबेट्स दर गुरुवारी जाते,
नळ सोडून बघते, उंदरांचे सापळे बघते.
चाळीस डॉलर.
सकाळी ती शाळेची बस चालवते.
मुलं आधी गावात चढायची,
मग हमरस्त्यावर,
मग काही चढेनाशीच झाली.

तिचं भाड्याचं घर ऑगस्टमध्ये विकलं गेलं.
घेणाऱ्यांनी खिडकीतला डोंगर पाहिला,
छप्पर पाहिलंच नाही.
आता ती भावाच्या गोठ्यामागे, कॅम्परमध्ये.
गॅसची टाकी नऊ दिवस पुरते, पगार एकवीस.
महिना आपला तिसाचाच.

काम झालं की दहा मिनिटं बसते तिथे.
सोफ्यावर नाही, सोफ्यावर खळगा राहतो.
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातमोजे काढून.
आजवर तिनं तिथलं काही नेलं नाही,
अंगाला लागून आलेली ऊब सोडली तर.

आज दोन कॅन भरून घेतले.
कॅम्परचा पाइप पहाटेपासून गोठलाय.
फ्रिजवरच्या वहीत तारीख घालून लिहिलं:
सगळं ठीक. पाणी चालू आहे.