गाठ सोडवणारं

सहा वर्षं जहाजाच्या भटारखान्यात काढून
मुंजाजीनं जालन्याला आणल्या
दोन पँटी, एक पाठदुखी
आणि एक शब्द: स्ग्रोपिनो.
म्हणे व्हेनिसकडं याचा अर्थ
गाठ सोडवणारं.

मी म्हटलं, टाकीत पाणी नाही.
एवढंच बोलायचे मी तेव्हा.
पाणी, गॅस, वीजबिल.

लिंबं दहाला दोन. मोसंबी मात्र अंबडची,
पोतंभर, माझ्या भावानं टाकलेली.
त्यानं रस काढला, साखर विरघळवली,
ताट फ्रीझरात, मटाराच्या पिशवीवर.
दर अर्ध्या तासाला उठायचा
आणि काट्यानं खरवडायचा,
पातेल्याची खरपुडी काढावी तसं.

चारला लाईट गेली. मे महिना.
ताटातला भुगा घाम सोडू लागला.
घाईघाईत त्यानं सगळं पातेल्यात उलथं केलं,
वर वोडका, नाशिकची फेसाळ वाइन,
आणि ताकाची रवी.
पंखा थांबलेल्या घरात
तेवढाच आवाज.

स्टीलचा पेला पुढं केला.
निम्मं पाणी, निम्मा बर्फ,
नाकात फेस.

"मीठ लागतंय याला," मी म्हटलं.
"अन् बस की खाली.
रवी दे इकडं."