हशाब

पाऊस सरून महिना होतो, पानं गळतात,
तेव्हा कोर्दोफानात, एन नहूदच्या पश्चिमेला,
सित्तना हशाबाच्या झाडाला जखम करते.
खोल नाही. लांब दांड्याच्या पात्यानं
बोटभर साल सोलायची, गाभ्याला धक्का लागू न देता.
सासऱ्यानं शिकवलं होतं:
झाड रडलं पाहिजे, मरता कामा नये.
देशांवरही हेच करतात, पण तितक्या हलक्या हातानं नाही.

मग पाच आठवडे थांबायचं.
जखमेवर डिंक धरतो, लिंबाएवढा.
उन्हासमोर धरला की आत उजेड अडकून बसलेला दिसतो.

आपल्याकडे डिंक तुपात फुलवून
बाळंतिणीला देतात, कंबरेला बळ यावं म्हणून.
सित्तनाची सून कल्तूम गेल्या रमजानात बाळंत झाली,
पळताना, उंटांच्या हौदामागे.
तिला कुणी काय दिलं, मला ठाऊक नाही.

पोती अल-तिजानी बखीतच्या ट्रकमध्ये चढतात.
रस्त्यात दोन पिंपांना दोर बांधलेला: ही एका सेनापतीची पोरं.
चाळीस मैलांवर दुसरा दोर: ही दुसऱ्याची.
दोर तोच, निळा, नायलॉनचा.
पोत्यामागे पैसे इथेही, तिथेही. पावती कुठेच नाही.
आणि दोन्हीकडे एक मिसरूड न फुटलेला विचारतो,
काका, सिगरेट आहे?
अल-तिजानी परवान्याचे दोन कागद दोन खिशांत ठेवतो.
भलताच कागद निघाला तर जीव जाईल,
म्हणून बायकोनं उजव्या खिशाला लाल टाका घातलाय.
अंधारातही बोटाला लागतो.

वर घरघर.
पंख एका देशाचे, इंजिन दुसऱ्याचं, डोळा तिसऱ्याचा,
पैसे चौथ्यानं मोजले, सोनं तोलून घेऊन,
आणि पाचव्याला तीव्र चिंता वाटते,
दर मंगळवारी, छापील.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ
ही म्हण एखाद्या लहान गावात जन्मली असणार,
जिथे तीनच्या पुढे कुणाला मोजावं लागलं नाही.

एक जुनी गोष्ट.
मागे एका महासत्तेनं या देशाशी व्यापार तोडला,
अगदी कडक, यादीवर यादी.
डिंक तेवढा वगळला.
त्याच्याशिवाय शीतपेयातला अर्क पाण्यात टिकत नाही,
वेगळा होऊन वर येतो.
माणसं वेगळी झाली तर चालतात.

आता कुठल्याशा थंड शहरात, तळ्याकाठच्या हॉटेलात,
बोलणी आहेत. एक शिष्टमंडळ आलेलंच नाही.
दुसरं नकाशावर वाकून बसलंय,
नकाशात एन नहूद कॉफीच्या कपाखाली.
कुणीतरी बाटलीचं झाकण उघडतं. फस्स.
दुभाषी घोटभर पितो, घसा ओला करून
"परस्पर विश्वास"ला तिसरा प्रतिशब्द शोधतो.
त्याच्या जिभेवरून सित्तनाचं झाड जातं.
गोड लागतं एवढंच त्याला कळतं.

तिकडे वस्तीवर अल-फाशरहून तीस माणसं आलीत.
चुलीला लाकूड नाही.
सित्तना संध्याकाळभर झाडांतून हिंडली,
एकेकाच्या सालीवरून हात फिरवत,
जणू कुणाला द्यायचं ते झाडांनीच सांगावं.
मग तीन दाखवली आणि कुऱ्हाड कल्तूमच्या हातात देऊन
पाठ फिरवली.

रात्री ओलं लाकूड पेटलं.
सालीतला डिंक उकळला, फुगला,
आणि फटकन् फुटला.

पोरं जमिनीवर.
पालथी, तोंड मातीत, हात डोक्यावर,
सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं, त्याचेही हात बरोब्बर जागी.

डिंक आहे रे, सित्तना म्हणाली.
डिंकच आहे.

बराच वेळ कुणी उठलं नाही.